रिकामा रकाना

गुरुवारी सात वाजता, चर्चमागच्या हॉलमध्ये,
हीटर आधी खोकतो, मग तापतो.
पीटरहेडच्या धक्क्यावरून आलेले हात टेबलावर;
दोनदा धुतले तरी हॅडॉकचा वास.

मॉयरा गिलफिलन फळ्यावर लिहितात:
इज, इझन्ट. डिड, डिडन्ट.
शेपटीला नकार जोडायचा, की झालं.
वर एक स्वल्पविराम टांगलेला, गळासारखा:
जे अक्षर ओढून नेलं, त्याची खूण.
मग विल. आणि वोन्ट.

तेस्फालेमचा हात वर.
'वि' कुठे गेला? 'वो' कुठून आला?
कागदांतल्या चुका त्याला लगेच दिसतात;
त्याच्या स्वतःच्या फॉर्मवर आडनावाच्या जागी
कधी बाप असतो, कधी आजा.

मॉयरा खडू खाली ठेवतात.
पूर्वी 'वोल' असंही म्हणायचे.
तो शब्द गेला, त्याचा नकार राहिला,
मेलेल्याच्या नावाने वीजबिल येत राहावं, तसा.

डाइवा यातलं काही लिहून घेत नाही.
तिला शनिवारची पाळी नको आहे, एवढंच.
तीन आठवडे ती सांगते, 'आय नो',
आणि डूगी बुकनला ऐकू येतं की हिला ठाऊक आहे.
तो तिचं नाव यादीत लिहितो.

जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिला सापडतो
शान्ट.
गळ एकच, मासे तीन गेलेले.
सुरुवात बाळाला गप्प करतात तशी.
'हे कोणी बोलत नाही गं आता,' मॉयरा म्हणतात.
'आमच्याकडे तर कधीच नाही.'

शुक्रवारी, बर्फाच्या क्रेटपाशी:
आय शान्ट.
डूगीचं पेन थांबलं.
रबरी बूट, प्लास्टिकचा एप्रन,
आणि तोंडी कोर्टाच्या निकालातला शब्द!
त्याने दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहिलं.

पुढच्या गुरुवारी, अ‍ॅम.
पुस्तकात तेवढाच रकाना कोरा.
याला नकार चिकटत नाही, मॉयरा सांगतात,
आय अ‍ॅम नॉट, असं सुटं सुटंच म्हणायचं.
कोणी का विचारत नाही. साडेआठ झालेत.

दिवे मालवता मालवता त्या स्वतःशीच पुटपुटतात:
'किल्ली पुन्हा विसरले. वेडीच आहे मी, अ‍ॅमन्ट आय?'

दारात तेस्फालेम थबकतो.
एक हात कोटाच्या बाहीत अडकलेला,
दुसरा, अंधारात, पेन शोधतोय.