इतर अधिकार

राजपत्र आलं तेव्हा सजेच्या कार्यालयात वीज नव्हती.
खिडकीशी नेऊन वाचलं:
मौजे कातळशिंगे, गट नंबर चारशे बारा,
एकशे सदतीस हेक्टर सडा
यापुढे संवर्धन राखीव.
पूर्वेस डांबरी रस्ता, दक्षिणेस खाडी,
उत्तरेस गावठाण,
पश्चिमेस समुद्राची उच्चतम भरतीरेषा.
समुद्राला कुणी विचारलं नसावं.

कपाटातून जुना सातबारा काढला.
माझ्याआधीच्या अकरा तलाठ्यांनी
एकाच शब्दावर शाई फिरवली होती:
पोटखराबा.
म्हणजे जिच्या पोटातच खोट,
जी नांगराला दात दाखवते,
जिचा सारा शून्य रुपये शून्य पैसे.
भोगवटादार, महाराष्ट्र शासन.
उजवीकडचा रकाना, इतर अधिकार,
जिथे सोसायटीचे बोजे चढतात, कुळांची नावं उतरतात,
तो कोरा.
त्यात फक्त कसरीने खाल्लेली एक नागमोडी वाट.

ग्रामसभा रवळनाथाच्या मांडावर बसली.
झिलू घाडी आधी उठला:
"मगे गुरां खंय सोडूची, गे बाय?"
कलम वाचून दाखवलं. चराईला मुभा आहे,
वणव्याला नाही.
तो खाली बसला, पण पटलं म्हणून नाही,
गुडघे दुखत होते म्हणून.
आयेशा साठविलकर उभी राहिली नाही,
बसूनच म्हणाली, कब्रस्तानाची वाट सड्यावरनं जाते.
तिच्या माणसाला त्या वाटेनं नेलं त्याला
अजून वर्ष झालं नव्हतं.
वाट राहील, मी म्हटलं,
आणि घरी येऊन रात्रभर परिशिष्टात शोधली
ती कुठे लिहिलीय.

मागून पोरांनी विचारलं, किरकेट?
सभा हसली.
मला हसता आलं नाही.
मसुद्यात 'करमणूक' या शब्दापुढे
पदभ्रमण होतं, पक्षीनिरीक्षण होतं,
टेनिसबॉल नव्हता,
तीन काठ्यांचा स्टंप नव्हता,
मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी
विरुद्ध वरची वाडी, असलं काही नव्हतं.

चिरेखाणवाले गप्प होते.
त्यांची हरकत टपालाने आली, चौदा पानी,
वकिलाच्या शिक्क्यासकट.
तिच्यात सड्याला एकोणीस वेळा 'उजाड' म्हटलं होतं.
मी मोजलं. पेन्सिलीने.

आषाढात हद्दीचे खांब रोवायला गेलो.
मोजणीदार, दोन पंच, मी,
आणि शेंगदाणे घेऊन कोतवाल.
उजाड म्हणतात तो सडा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता.
खळग्याखळग्यांत ढग साचलेले,
दीपकाडीचे पांढरे तुरे
वाऱ्याकडे एकच अंग करून,
आणि दगडावर कोरलेला तो जुना मासा,
कुणी कोरला कुणालाच ठाऊक नाही,
पाऊस त्याच्या डोळ्यात थेंब थेंब भरत होता.
कोतवाल चपला काढून चालला.
का, ते त्याने सांगितलं नाही.

सातव्या खांबाच्या जागी टिटवी ओरडत सुटली.
अंगावर आली, फिरली, लंगडल्याचं सोंग केलं,
सगळं कायदा नसताना शिकलेलं.
मोजणीदाराने पहार टेकवली तिथे
खडे नव्हते,
खड्यांसारखी चार अंडी होती.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी नकाशाकडे पाहिलं.
मग दोघांनीही नकाशा दुमडला.

सातवा खांब अडीच हात अलीकडे आहे.
पंचनाम्यात लिहिलंय: कातळ कठीण,
सबब जागा किंचित बदलली.
पंचांनी सह्या केल्या, एकाने अंगठा.
माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीतली
ही पहिली खोटी नोंद,
आणि तिच्याखाली माझी सही नेहमीपेक्षा स्वच्छ आलीय.

कधीतरी भूमिअभिलेखवाले येतील,
फीत लावतील, अडीच हातांचा जाब विचारतील.
विचारू देत.
तोवर अंडी उडून गेलेली असतील.