बैठक

सीट सरकत नव्हती.
खालची दांडी हलायची, पण रूळ गंजून एकजीव झाले होते
अलेक रॉब्सनच्या पायांच्या मापावर.
तो सहा फूट तीन इंच.
मी पाच फुटांना अर्धा इंच कमी,
आणि तो अर्धा इंच मी आजवर कुणाजवळ कबूल केलेला नाही.

हेक्समच्या उतारावरच्या गॅरेजात
पहिल्यांदा आत बसले, म्हणजे जवळजवळ निजलेच.
कच्च्या हळदीच्या रंगाची ट्रायम्फ,
तिचं बॉनेट दिसेना, आभाळ मात्र भरपूर.
क्लच दाबायला पुढे घसरावं तर पाठ सुटते,
पाठ टेकावी तर पाऊल हवेत,
नदीपलीकडे राहिलेली चप्पल शोधावी तसं.

बत्तीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवलं.
"थोडं खाली सरका. मान इथे. हं, आता आ करा."
मेंढपाळ, पोस्टमास्तरीण, एकदा तर एक न्यायाधीश,
सगळे पायातल्या एका कळीवर वरखाली झाले.
स्वतःला बसवायची वेळ आली
आणि ही तऱ्हा.

पाठीशी उशी घेतली. मग दुसरी.
मग माळ्यावरचा पाट काढला, पितळी फुल्यांचा,
सांगलीहून जहाजानं आलेला.
पाटावर उंच झाले, तर स्टिअरिंग मांडीत रुतलं.
शेजारचा कॉलिन कुंपणावरून म्हणाला,
पेडलांना लाकडी ठोकळे बांधा.
त्याचं त्यालाच हसू आलं, मग मलाही.

आपल्याकडे सगळं बसतंच की.
हात बसतो, घडी बसते,
या देशात आले त्या जानेवारीत माझा आवाज बसला
तो पुरता महिनाभर.
जम बसायला नऊ वर्षं लागली.
तेव्हा एका सीटसाठी चार रात्री
फार नाहीत.

तेल सोडलं. वाट पाहिली. पुन्हा तेल.
सात-सोळांशचा पाना, हातोडी, गुडघ्यांखाली जुना टॉवेल.
दाढ ओढायची नसते, हे मी किती मुलांना शिकवलं,
हलवत राहायचं, तिचं तिला सुटू द्यायचं.
चौथ्या रात्री आतून कट्कन आवाज आला.
तो मला कुठेही ओळखू येतो.

खाली पेपरमिंटचे कागद, गोल्फची एक खुंटी,
आणि घडी केलेली यादी:
खिळे, मार्जरीन, डोरीनचं औषध.
औषधावर दोन रेघा.

सात खाचा पुढे आणली सीट.
कोपर किंचित वाकलेलं, टाच गालिच्यावर,
क्लच थेट तळापर्यंत,
आणि कमरेत जिथे रोज दुखतं तिथे
कुणीतरी तळवा धरल्यासारखं.
गाडी सुरूही केली नाही. बसून राहिले.
मागे गालिच्यावर चार खोल खड्डे,
जुन्या बैठकीचे. ते तसेच ठेवलेत.

रविवारी डोरीनला घेऊन कॉर्ब्रिजला निघाले.
ती तिच्या जागी, डावीकडे,
डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.
गाव सुटलं तसा तिचा उजवा हात
सवयीनं माझ्या सीटच्या पाठीवर टेकायला गेला
आणि मागच्या मोकळ्या जागेत पडला.
तिथे सीट नव्हती. सीट पुढे होती, माझ्याबरोबर.

मी रस्त्याकडे बघत होते.
तिनं हात उचलला नाही.
पूल आला, पाणी आलं, मेंढ्या आल्या,
हात तिथेच, हवेवर ठेवलेला.

"गार असली की तिसरा गिअर अडतो," ती म्हणाली,
"तो शिव्या घालायचा."
मी मराठीत एक घातली.
गिअर पडला.