जसे की स्वयंपाकघर

पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे;
जसे की स्वयंपाकघर.
एम.ए.च्या पहिल्या वर्षी नाडगौडा बाईंनी
हे फळ्यावर लिहिलं तेव्हा
माझ्यापुढे दोन डोंगर उभे राहिले:
पांडवलेण्यांचा, ज्यावर लोक पहाटे
गुडघ्यांसाठी चढतात,
आणि पाथर्डीकडचा, आपणच रचलेला.

सकाळी मी खोकल्याचं सर्वेक्षण करायचो.
घरटी अकरा रुपये, आणि एक टॅबलेट,
कोपऱ्यात काच तडकलेली.
इंधन?
गॅस, गयाबाई म्हणाली. शेगडी पुसून ठेवलेली,
सिलिंडर रविवारपासून रिकामा.
घरात धूर?
ती हसली, हसता हसता खोकली,
पिठाच्या डब्यावरून बोट फिरवलं
आणि ते बोट माझ्यापुढे धरलं.
मी धुरावर खूण केली, तशी चौकट लाल झाली:
माहिती विसंगत. दुरुस्त केल्याशिवाय
पुढे जाता येणार नाही.

मी दुरुस्त केली.
धूर: नाही.

हे बाईंना सांगायला आठ दिवस लागले.
त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
हेत्वाभास कुठे आहे, शोध.
मग रविवारी स्वतःच रिक्षा करून आल्या,
त्या खोलीत पदर नाकाला न लावता बसल्या,
चहा प्यायल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, येऊ दिलं.
"तुम्ही शिकवता काय?"
धूर, अग्नी, स्वयंपाकघर, बाईंनी सांगितलं.
"बरोबरच आहे की," गयाबाई म्हणाली,
"पण धूर कुणाचा?"

परतताना द्वारका ओलांडेपर्यंत बाई गप्प.
मग म्हणाल्या, तीस वर्षं मी सप्तमी शिकवली.
पर्वतावर. घरात.
ही षष्ठी विचारते.

सोमवारी गल्लीत घंटागाडी आली.
माझ्या हातात द्राक्षांची रिकामी पेटी,
थर्माकोलची, कापसासारखी हलकी.
माझा, असं म्हणून पाहिलं. आवाज नीट फुटला नाही.
गाडीवाला म्हणाला, टाका ना लवकर.
टाकली. दुसरं काय करणार होतो?

पण रात्री टॅबलेटवर गयाबाईचं घर पुन्हा उघडलं.
इंधन: गॅस. धूर: होय.
चौकट लाल झाली.
अजून चाळीस घरं बाकी आहेत,
सुपरवायझरचे तीन फोन येऊन गेले.
मी लाल तशीच ठेवली आहे.
पुढे गेलेलो नाही.