पुरे

कोशात सापडलं तेवढं कागदावर लिहून आणलं होतं:
पूर म्हणजे भरणं. पूर्णाचा सख्खा भाऊ.
पांझरेच्या फडावर सुपडू पाटकऱ्याला वाचून दाखवलं.
"बरं," म्हणाला, आणि बारं मोडायला उठला.

वाफा काठोकाठ आला की तो ओरडतो: पुरे!
पायानंच माती लोटतो,
पाणी मुकाट्यानं पुढच्याच्या उसात.
बापाच्या तोंडून हा शब्द त्याच्या तोंडात आला,
पाटासारखाच, उताराउतारानं.

पोळ्याच्या आदल्या रात्री नदी बंधाऱ्यावरून आली.
आधी आवाज नाही, वास आला म्हणे:
गाळाचा, कांद्याचा, कुणाच्या तरी सांडलेल्या डिझेलचा.
हा फावडं घेऊन पाटाच्या तोंडाशी.
"वरडनात का?" मी विचारलं, मोडक्या अहिराणीत.
"वरडनू ना. सवय शे भाऊ."

सकाळी कोसा बैल बाभळीत अडकलेला सापडला,
एका शिंगाला हिंगूळ, दुसरं तसंच.
कौतिकबाईनं पुरण रात्रीच वाटून माळ्यावर ठेवलेलं,
तेवढं वाचलं.
चूल ओली, खापर फुटलेलं, मांडे कुठले.
तिनं पातेलं उचललं
आणि खड्ड्यात उतरून
बैलाच्या तोंडाशी हातानं घास ठेवला.
मग माती.
"पुरला," सुपडू म्हणाला.

हे माझ्या कागदावर नव्हतं.
खाली लिहावं म्हणून पेन काढलं,
तेवढ्यात त्यानं हाक दिली: पुरे!
आणि उसापलीकडून
न दिसणारं कुणीतरी म्हणालं,
अजून थोडं.