सामाईक

रात्री दोन. मडगाव, पाणीबिलाचं कार्यालय.
सर्व्हर सोळा जीबीचा, आणि श्वास लागलेला.
मी यादी काढली: चाळीस प्रोसेस,
जिच्या तिच्या नावापुढे सहा जीबी, थोडे वरखाली.
बेरीज अडीचशेच्या घरात.
सोळाच्या भांड्यात अडीचशे?

राखणदार बोस्त्यांव चहा ठेवता ठेवता म्हणाला,
"आमच्या राय गावात बांय एक, घरं सात.
कुणालाही विचार, म्हणतो आमची बांय.
म्हणून काय सात बांयी झाल्या?"

सामाईक वजा केलं.
एकोणचाळीस जणी एकदम हलक्या.
पदरी कुणाच्या बारा एमबी, कुणाच्या वीस.
एक उरली, ४४१७.
आठ जीबी, निव्वळ स्वतःचे.

करत काय होती? काहीच नाही.
शेवटची क्वेरी सोमवारी, सकाळी नऊ वाजून चार मिनिटं.
तिचे आतले कप्पे लॉगमध्ये छापून घेतले:
सॉर्ट नाही, हॅश नाही,
नुसत्या ओळखी.
एकदा पाहिलेलं प्रत्येक टेबल, प्रत्येक इंडेक्स,
केपें, बाळ्ळी, कुंकळ्ळी,
दर गावाचा दर महिन्याचा तुकडा,
नळ कधीच कापलेली घरंसुद्धा.
जोडणी उघडी होती, तोवर
विसरायचं कशाला?

एका ओळीत बंद केली.
आलेख घाटासारखा उतरला.
बोस्त्यांव कप घेऊन गेला,
चहा मी प्यायलेच नव्हते.

अहवालात एक रकाना असतो,
जोडणी कुणी उघडली.
पहाटे तो भरला.
नाव माझंच होतं.