चुका काढायला कुणी नव्हतं

नाशिकरोडच्या फलाटावर ती ओरडली, "पाक्या!"
आणि दोन हमाल, एक चहावाला
आणि मी, असे चौघे वळलो.
भाग्यदा हे नाव त्या देशात कुणाच्या जिभेवर
टिकलंच नव्हतं. भ चा प झाला, ग चा क,
द वाटेतच कुठेतरी पडला.
वर्षभर मी पाक्या होते.
सव्वीस वर्षांनी पुन्हा झाले,
पर्समध्ये बीपीची गोळी घेऊन.

लुसियाना ब्राझीलची, मिचिरू जपानची,
मी गंगापूर रोडची.
आम्हा तिघींची मिळून जी भाषा
ती आमच्यातल्या एकीचीही नाही.
ती फिनलंडची, एका तळ्याकाठच्या गावातली,
जिथे सतराव्या वर्षी आम्ही
तीन अनोळखी घरांत पाहुण्या मुली होतो
आणि एकाच बाकावर इतिहासात नापास.
इंग्रजी येते आता तिघींनाही, पगारापुरती.
पण रिक्षात बसल्याबसल्या तोंडातून तीच निघाली,
गंजलेली,
पंधरा विभक्त्यांपैकी चारच शिल्लक.
जिची ही भाषा, ती आयनो आली नाही.
तिच्याकडे गाई आहेत, गाईंना रजा नसते.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं,
"पाव्हणे साऊथचे का, ताई?"
म्हटलं, "नॉर्थचे. फार नॉर्थचे."

मिसळीच्या पहिल्या घासाला लुसियानाच्या डोळ्यांत पाणी.
"कूमा, कूमा!" ती म्हणाली. म्हणजे गरम.
तिखटाला काय म्हणतात?
तिघींनी आठवून पाहिलं.
त्या घरांतून तिखट नव्हतंच,
शब्द शिकायची वेळ आली नव्हती.

मग कळत गेलं, काय काय शिकायची वेळ आली नव्हती.
बर्फाला चार शब्द आहेत आमच्याकडे.
ओल्या मोज्यांना आहे, गृहपाठाला आहे,
"तो उंच मुलगा माझ्याकडे बघतोय"
हे वाक्य अख्खं आहे, क्रियापदासकट.
घटस्फोटाला नाही.
लुसियाना म्हणाली, "नवरा दुसऱ्या घरी गेला."
"कधी येणार?" मिचिरूने विचारलं.
"नाही येणार."
एवढं दोघींना येत होतं.
मिचिरूने छातीवर बोट ठेवलं.
"इथे होतं. काढलं. आता रोज पोहते."
मी म्हटलं, "बाबा विसरतात. मला आई म्हणतात."
पाव थंड झाला.
मराठीत हेच मी बहिणीला सांगते तेव्हा
त्यात डॉक्टर येतो, वहिनी येते,
कुणी काय करायला हवं होतं ते येतं.
इथे तीन शब्दांत संपलं
आणि पुढे काही बोलताच येईना,
म्हणून लुसियानाने माझा हात धरला,
तर्रीने माखलेला.

संध्याकाळी त्यांना तिवंधा चौकात उभं केलं.
खाली रहाड आहे, मी सांगू लागले.
दगडी हौद, रंगाचा, माणूस बुडेल एवढा.
रंगपंचमीला उकरतात, लोक धप्पा मारतात,
नंतर बुजवून टाकतात
आणि वरून रस्ता, भाजीच्या गाड्या, आपण.
हे सगळं हातवाऱ्यांनी.
"एकदा" आठवलं. "वर्षातून" अडलं.
वर्ष! तिकडे रोज तोंडात असलेला शब्द,
किती उरलं, किती गेलं म्हणून मोजलेला,
तोच येईना.

मिचिरूने ऐकून घेतलं
आणि भर रस्त्यात टाच आपटली,
एकदा, मग थोडी पुढे, पुन्हा,
मान कलती करून,
जशी ती तळ्यावर आपटायची
बर्फ धरतोय का बघायला,
आम्हाला पुढे बोलावण्याआधी.

मागे स्कूटी थांबली. "ओ मॅडम, काय पडलं का?"
"काही नाही," म्हणत मी बाजूला झाले.
"वुओसी!" लुसियाना ओरडली. वर्ष.
"वूसी," मी म्हटलं. "वूओशी," मिचिरू म्हणाली.
स्कूटी आमच्यामधून रहाडीवरून गेली
आणि कुठलं अक्षर ओढायचं यावर
आम्ही पार भद्रकालीपर्यंत भांडत चाललो,
मोठमोठ्याने,
लोक बघत होते.