वेळ, प्राणी, संख्या

छापील तक्ता असा : वेळ. प्राणी. संख्या. नर की मादी.
आला कुठून, गेला कुठं.
वर तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. गावापुढे नुसती टिंबं.
तिथं मी वाडीचं नाव लिहिलं.
अक्षर बरं म्हणून मला मचाणावर घेतलेलं,
नाहीतर मी हिरडा वेचणारा;
दिवसभर कातळावर बाळहिरडा पसरायचा, सांजेला गोळा करायचा,
बोटं काळी ती पार आषाढापर्यंत.

गार्ड पिसाळ साताऱ्याकडचे. चढताना बजावलं,
"बोलायचं न्हाय, खोकायचं न्हाय, बिडी तर न्हायच."
आणि स्वतःच खोकले.

खाली राईतला झिरा, परातीएवढा.
वैशाखातला पुरा चंद्र त्यात मावत नव्हता,
कडेला थोडा सांडलेला.

आठ पन्नास. सायाळ, एक. काटे वाजवत आली,
हळदीला उशीर झालेल्या मावशीसारखी.
साडेदहा. रानडुकरं. पिसाळ म्हणाले अकरा, मी म्हटलं बारा.
"ते शेवटचं पिल्लू कशाला धरतोस?"
"जित्तं हाये ना? मग धरायचं."

मग बराच वेळ काही नाही.
लांब रातवा, कुणी दगडावर दगड ठोकावा तसा.
ऐनाच्या शेंड्यावर शेकरूचं घरटं, आत शेकरू गाढ.
झोपलेल्यांना तक्त्यात रकाना नाही.

एक चाळीस. सशाएवढं हरीण. पिसोरी!
पिसाळांनी माझं मनगट आवळलं :
एकोणीस वर्षांच्या नोकरीत ही दुसरी.
प्यायली की नुसती वास घेऊन गेली, दिसलं नाही.
मी लिहिलं, प्यायली.

तीनला पाचोळा वाजला.
पायवाटेनं एकामागं एक, उंच डोक्यांच्या सावल्या.
मला चालीवरूनच कळलं.
पुढं ठमाबाई लोहकरे, मागं तिच्या दोघी सुना,
चौथी माझी आई, उजवा पाय जरा ओढत.
वाडीची विहीर शिमग्यालाच बसली होती.

पण त्या पाण्यापाशी गेल्या नाहीत.
दहाबारा पावलं अलीकडं कातळावर चुंबळी टाकल्या,
चुंबळींवर कळश्या, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून,
आणि बसून राहिल्या.
"काय करतायत?" पिसाळ कानाशी.
वीस वर्षं त्या कळशीतलं पाणी पितोय,
मला सांगता येईना.

तेवढ्यात भेकर. मादी. पोट खाली उतरलेलं.
थबकली, नाक वर.
सातही जणींनी एका हातानं
दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरल्या.
भेकरीनं मान घातली, वर काढली, परत घातली.
किती प्यावं माणसानं, म्हणजे भेकरीनं!
ठमाबाईचे ओठ हलले,
"पी बये. दोन जिवांची हाईस."

ती राईत शिरली, मग या उठल्या.
करवंटी करवंटीनं कळशी भरायची,
मधे थांबायचं, झिऱ्याला साचू द्यायचं.
थांबलेल्या वेळात कुणाच्या तरी लेकीचं लग्न ठरलं,
कुणाच्या तरी व्याह्याची नक्कल झाली, सगळं कुजबुजत.
निघताना आईनं झिऱ्यावर पडलेली पानं वेचून काढली.
तळाला दोनतीन करवंट्या ठेवलं होतं.
मग वर न बघताच बोलली,
"मचाणावाल्यांनो, बिडीचा वास येतोय.
वाघरू यायचं ऱ्हायलंय अजून. विझवा ती."

पिसाळांनी विझवली, तळव्यावरच.

"लिही," म्हणाले.
तीन दहा. आल्या वाडीकडून. गेल्या वाडीकडं. संख्या सात.
प्राणी या रकान्यावर माझी पेन्सिल अडली.
त्यांनी ती काढून घेतली,
तो रकाना तसाच मोकळा सोडला
आणि पुढच्यात लिहिलं, मादी.

पाच वीस. बिबट्या, एक. वरच्या अंगानं आला.
जेवढं ठेवलं होतं, तेवढं प्यायला.